माप फेट्यासकट

उचगाव,
२ नोव्हेंबर २०२५

ती. अज्जांना निशूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

म्हणूनच तर म्हणते, जरा वाकलात तर काय बिघडतंय? गेल्या रविवारी बस सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभी राहून हेच सांगत होते, पण तुम्ही काच वर केलीत आणि आतनं खुणेनं सांगितलंत की महत्त्वाचं असेल ते लिहून कळव, फोन करू नको. मग घ्या, लिहिते. मराठीत लिहायला मला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. इंग्लिश मीडियमला घालायची आयडिया पप्पांची होती, माझी नाही.

अज्जा, अकरा महिने झाले मी ती नाव बांधतेय. चौदा फूट लांब, प्लायवूडची, शिडाची. पप्पांच्या वर्कशॉपमध्ये फौंड्रीवाल्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनतात, त्यातला अर्धा शेड मी अडवून ठेवलाय. अख्खं उचगाव विचारतं की कोल्हापूरला समुद्र कधी आला. एकट्या तुम्ही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, बांध. म्हणून पहिले पॅसेंजर तुम्ही, हे मी त्याच दिवशी ठरवलं. आणि रविवारी तुम्ही केबिनमध्ये अर्धे शिरलात, फेटा छताला घासला, आणि तसेच उलट्या पावली बाहेर. चहासुद्धा घेतला नाहीत.

प्रॉब्लेम मला कळलाय. सीटच्या फळीपासून छतापर्यंत चौतीस इंच आहेत. नावेचा नकाशा परदेशातला आहे, तिथली माणसं बहुतेक केबिनमध्ये आडवीच पडतात. मागच्या उघड्या भागात तुम्हाला बसवता येत नाही, कारण शिडाची आडवी काठी, बूम म्हणतात तिला, वळताना एकदम या बाजूची त्या बाजूला जाते आणि ती बरोब्बर तुमच्या फेट्याच्या उंचीवर आहे. मी मोजलंय. म्हणजे केबिनमध्येच बसायला लागणार, आणि केबिनमध्ये मान जरा खाली. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे. काय म्हणता?

अज्जीला सांगा, खर्डा संपला. तुमची माया आहेच, ती सुटी घेणार नाही एवढं बघा.

तुमची
निशू

---

गडहिंग्लज,
६ नोव्हेंबर २०२५

चि. निशिगंधा हिला हंबीरराव यांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर सुधारलंय. मान खाली घालायचा विषय पुन्हा काढायचा न्हाय. सत्तावीस वर्षं एष्टी चालवली, घाटात समोरनं उसाचा ट्रॅक्टर आला तरी मान खाली घातली न्हाय. आता तुझ्या पंधरा मिनिटांसाठी घालू व्हय?

तुला माप पाहिजे ना, मग घे. सोबत सुतळी पाठवतोय. मी पाटावर ताठ बसलो आणि तुझ्या अज्जीनं बुडापास्नं फेट्याच्या तुऱ्यापर्यंत धरली. गाठ मारलीय तिथं छत पाहिजे. त्याच्या खाली एक सूत चालणार न्हाय.

बसायच्या जागेचं म्हणशील तर ती तुझी फळी म्हणजे शाळंतला बाक हाय. मांडीखाली आधार न्हाय, कंबरंला आधार न्हाय, पाठ सरळ नव्वदात. माणूस अशानं तासाभरात लाकूड व्हतंय. पाठ थोडी मागं कलती पाहिजे आणि बूड जरा खोलात पाहिजे. माझ्यावर विश्वास नसंल तर नबीलालला विचार. आपल्या डेपोत बावीस वर्षं सीटा शिवायचा, आता तुमच्या उचगावातच गादी कारखाना हाय त्याचा. त्याला माझं नाव सांग.

आणि एक घंटी पाहिजे. दोरी वढली की वाजणारी. घंटीशिवाय गाडी सुटलेली मी बघितली न्हाय.

पुढचं पत्रबी असंच साडेदहाच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देईन, उचगावच्या पुलाखाली उभी रहा. अभ्यास संपला असला तरी जेवणाकडं लक्ष दे.

तुझा
अज्जा

---

गडहिंग्लज, त्याच दिवशी

निशू बाळ, अज्जीचा आशीर्वाद.

ही चिठ्ठी खर्ड्याच्या डब्याखाली ठेवलीय, ती ह्यांना ठावं न्हाय. वाचून झाली की फाडून टाक. चौथीपतोर शिकल्ये, चुका काढू नको.

ते मान का घालत न्हाईत ते तुला कुणी सांगितलं नसंल. आमचं लगीन पंच्याहत्तर सालचं, जूनचा पयला आठवडा. माझं माहेर नदीपल्याड. वऱ्हाड निघालं आणि हिरण्यकेशीला अचानक पाणी आलं. त्यावेळी पूल लांब, म्हणून गुऱ्हाळातली काहिल आणली. गूळ कढवायची ती मोठी लोखंडी कढई की गं. पाण्यात सोडली की नावेसारखी तरंगती, दोन पोहणारी गडी ढकलत नेत्यात. त्या काळी सगळी तसंच जायाची. पर काहिल गोल. ती मधल्या धारंला गरागरा फिरायला लागली. ह्यांनी डोळं मिटलं, डोकं दोन गुडघ्यांत घातलं, आणि फेटा गेला पाण्यात. जरीचा, आबांनी खास आणलेला. तो कर्नाटकात गेला, आणि हे बोडक्या डोक्यानं मांडवात.

माझा भाऊ पिराजी तवा चौदा वर्षांचा. मांडवाच्या दारात उभा राहून वरडला, "बोडकं पावणं आलं!" सगळं गाव हसलं. बाशिंग बांधायला डोक्यावर काय न्हाय, म्हणून त्याच पिराजीची शाळंतली टोपी घातली ह्यांना. फोटो हाय, ट्रंकंत उलटा ठेवलाय.

तवापास्नं पन्नास वर्षं पिराजी प्रत्येक कार्यात तीच गोष्ट सांगतोय, आणि हे पन्नास वर्षं माझ्या माहेरी लांबच्या पुलावरनं येढा घालून जात्यात. एकदाच म्हणालं हुतं, की पुन्हा ही नदी पाण्यावरनं वलांडीन तर फेटा बांधून आणि मान ताठ ठेवून, न्हायतर न्हाय. आता पिराजीनं नवं घर बांधलंय. वसंत पंचमीला, तेवीस जानेवारीला वास्तुशांत. तू नाव बांधायला लागलीस तवापास्नं ह्यांच्या मनात काय हाय ते मला कळतंय. बंधाऱ्याच्या फळ्या घातल्यात, नदी काठोकाठ भरलीय.

तेवढं कर गं. मी आता पंच्याहत्तरीकडं चालल्ये, मला एकदा माहेरच्या घाटावर नवऱ्याबरोबर उतरायचंय.

सुतळीला मी चार बोटं जास्त धरून गाठ मारलीय, तुरा चुरगळू ने म्हणून. ह्यांना बोलू नको.

तुझी
अज्जी

---

उचगाव,
३० नोव्हेंबर २०२५

ती. अज्जांना निशूचा सा. न. वि. वि.

झालं! छत वर गेलं! जुनं केबिन कापून काढलं, नवीन भिंती उभ्या केल्या. तुमची सुतळी मोजली तेव्हा मी दोनदा चष्मा पुसला. छप्पन्न इंच! पप्पा बसले की फेट्याशिवाय छत्तीस भरतात. पण सुतळी ती सुतळी. तुम्ही उंच आहात हे माहीत होतं, बसल्यावरही एवढे असाल असं वाटलं नव्हतं.

नबीलालचाचांकडे गेले. तुमचं नाव ऐकताच त्यांनी समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि माझ्याबरोबर स्कूटीवर बसून आले. केबिनमध्ये शिरून सीटवर बसले, डोळे मिटले आणि मागंपुढं सरकून बघितलं. मग म्हणाले, बेटी, ही सीट नाही, शिक्षा आहे. मी ऑनलाइन फोम मागवणार होते, दोन थरांचा, खालचा कडक आणि वरचा मऊ. ते ऐकून त्यांना एवढं वाईट वाटलं की त्यांनी पानच थुंकून टाकलं. त्यांचं म्हणणं, फोम पाणी पितो आणि मग आठवडाभर रडतो. पाण्याजवळ गादी करायची तर सावरीच्या कापसाची. शाहूवाडीकडनं त्यांनी तो मागवलाय. हातात घेतला तर वजनच लागत नाही, आणि पाण्याची बादली आणून त्यात टाकला तर बुडेचना. चार इंचांची गादी, पाठीला वेगळी, कमरेला वेगळा छोटा लोड. पाठ त्यांनी हाताच्या अंदाजानं कलती केली. मी अँगल मोजला तर माझ्या नकाशातल्यापेक्षा भारी.

आता गादीचे चार इंच गेले म्हणून चाचांनी छत चार इंच वाढवायला सांगितलं. मग पप्पा आले. पप्पांनी मापाकडं बघितलं आणि एक इंच आणखी वाढवला. का, तर सवय. पॅटर्न बनवताना लोखंड थंड झालं की आटतं, म्हणून ते कायम मोठंच बनवतात. मी म्हटलं, पप्पा, हे ओतायचं नाहीये. ते म्हणाले, असू दे, कमी पडण्यापेक्षा बरं.

एकूण पाच फूट एक इंच, गादीखालच्या फळीपासून. लांबनं बघितलं तर थोडं विचित्र दिसतं, खोटं कशाला बोलू. काल एक माणूस शेडच्या दारात गाडी थांबवून विचारून गेला की टपरी कुठं लावणार आणि वडा ठेवणार की नुसता चहा. पण अज्जा, आत बसल्यावर असं वाटतं की हॉलमध्ये बसलोय.

घंटी लावली. दोरी मागच्या भागापर्यंत आणलीय, अज्जीच्या हाताशी. अज्जी चार फूट दहा, तिच्यावरनं बूम आरामात जाते. पुढच्या रविवारी एका शेततळ्यात ट्रायल. आशीर्वाद द्या, जास्तीचा असेल तर तोही चालेल, सध्या आमच्याकडं सगळंच जास्त धरायची पद्धत पडलीय.

तुमची
निशू

---

उचगाव,
८ डिसेंबर २०२५

ती. अज्जांना सा. न.

आधी हे वाचा, सगळे सुखरूप आहेत.

नाव आडवी झाली. जोरात नाही, सावकाश, म्हैस चिखलात बसते तशी. शीड अजून वर घेतलंसुद्धा नव्हतं. नुसता वाऱ्याचा एक झोत आला आणि त्या उंच केबिनच्या भिंतीलाच लागला. खाली पप्पांनी बिडाचा वजनदार कणा ओतून बसवलाय, तो बिचारा किती धरणार? वर अख्खी टपरी!

आत नबीलालचाचा होते. तुमच्या जागेवर बसून बघतो म्हणून हट्टानं बसले होते. आम्ही सगळे ओरडतोय, पप्पा बुटासकट शेततळ्यात उतरले, आणि तेवढ्यात केबिनच्या दारातनं चाचा बाहेर आले. गादीवर. मांडी घालून. गादी तरंगत होती, चाचा तिच्यावर, तोंडात पान तसंच. काठाला लागल्यावर मला म्हणाले, बघितलंस, फोम असता तर?

मग मी काठावर बसून रडले, आणि रडून झाल्यावर टेप काढला. अज्जा, मला आता खरं खरं सांगा. माणूस बसल्यावर छप्पन्न इंच होत नाही. तुम्ही सहा फूट दोन आहात, म्हणजे बसल्यावर अडतीस. फेट्याचे सहा. झाले चव्वेचाळीस. मग बाराचा हिशेब कुठं गेला? अज्जीचं मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही. चाचांनी चार धरले, पप्पांनी एक. तुम्ही किती धरलेत?

वास्तुशांतीला सहा आठवडे उरलेत. मला कारण माहीत आहे, अज्जा. कुणी सांगितलं ते विचारू नका, फक्त खर्ड्याचा डबा परत पाठवतेय. रागावू नका, एवढं मागते.

निशू

---

गडहिंग्लज,
१३ डिसेंबर २०२५

चि. निशिगंधाला आशीर्वाद.

एक वीत, म्हणजे तुझं नऊ इंच.

सरळ लिहायचं तर, रस्त्यात खड्डा आला की माणूस सीटवरनं वीतभर उडतंय. मागच्या सीटवरचं जास्त उडतंय. सत्तावीस वर्षं आरशात बघितलंय. म्हणून सुतळी धरताना तुझ्या अज्जीला म्हणालो की वीतभर वर धर. पाण्यात खड्डं नसत्यात हे माझ्या ध्यानात आलं न्हाय. चूक माझी. तिनं आणि चार बोटं धरली ते आज कबूल केलं. दोघंबी तास झाला एकमेकाशी बोललो न्हाय.

नबीलालला काय झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं? एका फेट्यापायी माणसं पाण्यात पडायला लागली. आता पुरे. छत पयल्यासारखं कर आणि तू तुझी नाव हाक, शीक, मोठी हो. आम्ही पुलावरनं जाऊ. पन्नास वर्षं गेलो, एकावन्नावं कशाला सोडायचं? पिराजीला काय, गोष्ट सांगायला त्याला घर नवं मिळालंय.

डबा मिळाला. अज्जी तुझ्यावर रागावली न्हाय. माझ्यावर हाय.

तुझा
अज्जा

---

उचगाव,
३ जानेवारी २०२६

ती. अज्जांना निशूचा दोनदा साष्टांग नमस्कार. एक नेहमीचा, एक आगाऊपणाबद्दलचा.

तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस मी वर्कशॉपला गेलेच नाही. चौथ्या दिवशी कागलहून येताना एष्टीत उभी होते आणि सहज वर बघितलं. टपाला झाकण असतं की नाही, हवेसाठी ढकलून उघडायचं? तिथंच ओरडले. कंडक्टर म्हणाला, उतरायचंय का पावणं?

अज्जा, उंची वाढवायचीच नाही! छत परत चौतीसवर आणलंय, एकदम बुटकं. सीटची फळी तीच. चाचांच्या गादीत आणखी कापूस भरून पाच इंच केली, म्हणजे तुम्ही उलट वर सरकता. राहिले एकोणतीस. तुमचे खांदे छताच्या जरा खाली, आणि मानेपासनं पुढं जे काही आहे त्याच्यासाठी टपाला भोक! डोकं बाहेर, उघड्यावर. वर आभाळापर्यंत हेडरूम. आणि भोक नावेच्या इतकं पुढं आहे की बूम तिथपर्यंत पोचतच नाही, मी दहा वेळा फिरवून बघितली.

परत ट्रायल घेतली. चाचाच बसले, दुसऱ्या कुणाला बसूच देईनात. नाव हलली नाही. चाचा टपावर नुसतं डोकं ठेवून तळ्याला दोन चकरा मारून आले. लांबनं पालखीतल्या मुखवट्यासारखे दिसत होते. म्हणाले, पाय घरात, डोकं बाजारात, असा आराम बघितला नव्हता.

फक्त डोक्याचं माप पाठवा. या वेळी कुणीही काहीही जास्त धरायचं नाही. पप्पांकडून मी लिहून घेतलंय. नाही म्हणू नका अज्जा. तुम्ही मला बांध म्हणाला होता. आता मी तुम्हाला बसा म्हणते.

तुमची
निशू

---

गडहिंग्लज,
७ जानेवारी २०२६

चि. निशिगंधा, आशीर्वाद.

सुतळी सोबत. डोकं नुसतं, फेट्याशिवाय, कानावरनं. फेटा काय, डोकं बाहेर आल्यावर वरनं बांधता येतोय. नबीलालला सांग, त्यो टपावर बसून बांधंल, डेपोत सगळ्या लग्नांना त्योच बांधायचा. या बारीला एक सूत जास्त न्हाय. अज्जीला खोलीतनं बाहेर काढून माप घेतलंय.

बसतो.

अज्जा

---

उचगाव,
२६ जानेवारी २०२६

ती. अज्जांना निशूचा सा. न. वि. वि.

घरी येऊन तीन दिवस झाले, पण माझे हात अजून सुकाणूवर असल्यासारखे हलतात. तुम्हाला सगळं माहीतच आहे, पण तुमचं तोंड पुढं होतं. मागं काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

अज्जीनं डबल बेल मारली आणि आपण अलीकडच्या घाटावरनं सुटलो, तेव्हा काठावर राहिलेले नबीलालचाचा डोळे पुसत होते. विचारलं असतं तर म्हणाले असते, कापूस गेला डोळ्यात. वारा बारीक होता. अज्जा, खरं सांगू? मी वाऱ्याचा अंदाज बघायला कसलंही यंत्र लावलं नव्हतं. तुमच्या फेट्याचा शेमला उडत होता, त्याच्याकडं बघून नाव हाकली. अज्जी पूर्ण वेळ दोरी धरून बसली होती आणि एवढंच म्हणत होती की ह्यांची मान बघ, ह्यांची मान बघ.

पलीकडच्या घाटावर पाहुणे जमलेले दिसले. त्यांना लांबनं काय दिसलं असेल? एक पांढरं शीड, एक बुटकी पेटी, आणि पेटीवर भगवा फेटा, मिशा, आणि हालचाल शून्य. पिराजीमामा पायरीवर टोपी सावरत उभे होते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते गोष्ट सांगायचं सोडून नदीकडं बघत होते असं अज्जी म्हणाली. तिनं सिंगल बेल मारली. आपण टेकलो. फेटा जागेवर, मान ताठ. जिंकलो की आपण!

आणि मग तुम्ही उठायला गेलात.

अज्जा, मी इंजिनिअर आहे. नबीलालचाचांनी बावीस वर्षं सीटा शिवल्यात. पप्पा सुताचाही फरक सोडत नाहीत. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की फेटा भोकाच्या वर बांधला तर डोकं परत खाली येणार कसं! जास्त काही धरायचंच नाही म्हटल्यावर आम्ही बोटभरसुद्धा जागा ठेवली नव्हती. फेटा सोडायचा किंवा टप कापायचं, दोनच रस्ते. पिराजीमामांच्या घाटावर फेटा सोडायला तुम्ही तयार नाही, आणि टप कापायला करवत उचगावात.

तिकडं तीनशे पानं वाढून झालेली. वरण-भातावर तूप पडलेलं. पण घरचा जावई पहिला घास घेईपर्यंत पंगत सुरू करायची नाही ही त्यांच्याकडची रीत, आणि जावयाचे पाय धुतल्याशिवाय त्याला घास द्यायचा नाही ही त्याच्या आधीची रीत. आणि अज्जा, तुमचं तोंड नदीवर आणि पाय केबिनमध्ये! शेवटी पिराजीमामांनी धोतर खोचलं, तांब्या आणि परात घेतली, गुडघाभर पाण्यातनं आले आणि चौतीस इंचांच्या त्या केबिनमध्ये वाकून शिरले. पार वाकून, अज्जा. दोन्ही हातांवर आले. काठावरचं कुणी हसलं नाही, कारण सगळे भुकेले होते. वर अज्जी तुम्हाला घास भरवायला ताट घेऊन टपाशी उभी राहिली, खाली मामा पाय धुवायला. एकाच जावयाचा मान दोन मजल्यांवर चालला होता.

पाय धुवायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. मामा पाऊण तास बाहेर आले नाहीत. पंगत सुरू झाली, पहिली उठली, दुसरी बसली. मला आतनं नुसती पुटपुट ऐकू येत होती. आणि मग एकदम तुम्ही अज्जीला म्हणालात, सोड फेटा. सगळ्यांच्या देखत. ज्याच्यासाठी आम्ही तीन महिने छत वर-खाली केलं, तो तुम्ही स्वतःहून सोडायला लावलात, आणि बोडक्या डोक्यानं बाहेर आलात. मागनं मामा, तेही बोडके. दोघं तसेच घराकडं चालत गेलात, मी मागं हाका मारतेय तर वळूनसुद्धा बघितलं नाहीत.

मी परतीच्या गडबडीत विचारलं नाही. आता विचारते. आत मामा काय म्हणाले? हे महत्त्वाचं आहे, म्हणून लिहून विचारते.

गादी वाळत घातलीय. लोभ आहे तेवढा राहू दे, सुतळीनं मोजू नका.

तुमची
निशू

---

गडहिंग्लज,
३१ जानेवारी २०२६

चि. निशिगंधा हिला अज्जाचे आणि अज्जीचे आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगतो, पर आधी बसायच्या जागेचं. तासभर बसलो, कंबर धरली न्हाय. नबीलालला पत्र वेगळं लिहिलंय.

आता पिराजीचं. तुझ्या ध्यानात घे की माझं डोकं वर, कान वर. खाली नुसतं पाय. पिराजी आत आला, त्याची टोपी टपाला लागून सारखी डोळ्यावर यायला लागली, तवा त्यानं काढली आणि ठेवायला जागा न्हाय म्हणून माझ्या गुडघ्यावर ठेवली. मला वर कळंना हे हलकं काय हाय. मग पाय धुवायला लागला. धुतलं, पुसलं, आणि पुन्हा धुवायला लागला. आणि बोलायला लागला. माझ्याशी न्हवं, माझ्या पायांशी. तोंडासमोर त्याला जमलं नसतं. मला सगळं प्लायवूडमधनं ऐकू येत हुतं.

म्हणाला, दाजी, तुमचा फेटा कर्नाटकात गेलाच न्हाय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर बाभळीला अडकलेला त्याला घावला. जरीचा धागासुद्धा सुटला नव्हता. आधी गंमत म्हणून लपवला. मग मी मारीन म्हणून दिला न्हाय. मग एवढी वर्षं झाली, आता कुठल्या तोंडानं देऊ, म्हणून दिला न्हाय. आणि फेटा दिला असता तर गोष्ट संपली असती, आणि गोष्ट संपली तर पावणं आपल्याशी बोलणार कशावरनं, असं म्हणाला. मी त्याच्याकडं गेलो की खाली मान घालून जेवायचो आणि उठायचो, हे खरंच हाय. दुसरा विषयच नव्हता आम्हाला.

निशू, मला राग यायला पाहिजे हुता. पर एक तर तोंडात अज्जीनं पुरणपोळी कोंबली हुती. आणि दुसरं म्हणजे चौसष्ट वर्षांचा माणूस वाकून, पार दुमडून, माझ्या पायांची माफी मागत हुता, आणि मी वर मान ताठ करून नदी बघत हुतो. मला त्याचं तोंड दिसंना. त्याला माझं. हे काय बरोबर वाटलं न्हाय बघ. म्हणून म्हणालो, सोड फेटा.

त्याच्या घरी गेल्यावर त्यानं ट्रंक उघडली. फेटा हाय तसा हाय, फक्त घडीवर पिवळा पडलाय. तुझी अज्जी त्यो बघून रडली आणि मग तिनं पिराजीच्या पाठीत एक धपाटा घातला, पन्नास वर्षांचा. तू तवा घाटावर शीड गुंडाळत हुतीस.

आता मुद्द्याचं. पिराजीला जागा आवडलीय. त्यो उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या फळ्या काढायच्या आत एकदा माझ्याबरोबर बसून येतो म्हणतोय. परवा सुतळी घेऊन आला हुता, स्वतःच्या डोक्याची. शेजारच्या सीटवर दुसरं भोक पाड म्हणतोय. मी म्हणतो, दोन भोकं कशाला, मधली फळी काढून एकच मोठं कर. म्हणजे शेजारी बसून बोलता येईल, तोंडं दिसतील, आणि उतरताना कुणाला काय सोडायला लागणार न्हाय. तुझ्या अज्जीचं म्हणणं, अशानं टपच ऱ्हायचं न्हाय, मग नाव तरी कशाला, काहिलच घ्या की.

नाव तुझी हाय, शिक्षण तुझं हाय. एवढं मोठं भोक पाडलं तर नाव तगंल का? तुझं काय मत हाय?

तुझा
अज्जा